'बिल काँप्युटरने अडवले' म्हणजे नेमके काय झाले?



गटसभेला गेलो की आधी लागण, बेणे, खोडवा, पाण्याच्या पाळ्या यांवर बोलणे होते आणि शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पंधरवड्याचं बिल अजून का नाही? हापिसात विचारलं तर म्हणतात, काँप्युटरने अडवलंय. आता काँप्युटरचं आणि आमचं काय बांधाचं भांडण आहे का?" सभेत हशा पिकतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू नसते. सोसायटीचा हप्ता, खताची उधारी, मुलांची फी हे सगळे त्या बिलाकडे डोळे लावून बसलेले असते.

प्रश्न रास्त आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याची रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर सालीना १५ टक्के व्याज लागते. त्यातून कसारा, खर्डी, शहापूर, मुरबाड हा मूळचा भाताचा मुलूख. उसाचे सभासद इकडे थोडे आणि विखुरलेले. बिल विभागात समक्ष जाऊन विचारायचे तर माणसाचा अख्खा दिवस मोडतो. तेव्हा बिल अडते म्हणजे काय होते, ते सभासदाला घरबसल्या समजले पाहिजे, म्हणून हा लेख.

मी शेतकी खात्याचा माणूस, शिक्षण कृषी पदविकेचे. पण उसाची पाने पिवळी पडली तर "रोग पडलाय" एवढे म्हणून आपण गप्प बसत नाही. लोह कमी पडले, पाणी साचले की मुळाला हुमणी लागली, हे उपटून पाहतो. 'काँप्युटरने अडवले' हे वाक्यसुद्धा 'पाने पिवळी पडली' एवढेच सांगते. ते लक्षण झाले. कारण मुळाशी असते आणि ते शोधायची एक ठरलेली रीत आहे.

आधी आजोबांची ओळख

आपल्या कारखान्यातला संगणक लहान आहे. पण बिले काढण्याची जी पद्धत तो पाळतो, ती त्याच्या आजोबांनी घालून दिलेली आहे. त्या आजोबांचे नाव मेनफ्रेम. बँका, विमा, विमान कंपन्या अशा ठिकाणी लाखो खात्यांचा हिशेब एकहाती सांभाळणारा हा मोठा संगणक. तो इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. जगातल्या कित्येक मोठ्या बँकांचे हिशेब आजही त्याच्यावर चालतात.

आपल्याकडे या गोष्टीला सुरुवात मुंबईत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली चालू झाला. तो संशोधनासाठी होता. १९६१ साली एस्सो या तेल कंपनीने मुंबईत 'आयबीएम १४०१' हे यंत्र बसवले. व्यापारी हिशेबासाठी देशात आलेला तो पहिला संगणक मानला जातो. पुढे त्याच दशकात रेल्वेच्या निरनिराळ्या मुख्यालयांतही ही १४०१ यंत्रे आली आणि पगारपत्रके, भांडाराचा हिशेब, उत्पन्नाचा हिशेब त्यांच्यावर निघू लागला. कसाऱ्याला आपल्याला रेल्वे दिसते ती इंजिनांची आणि डब्यांची. तिच्यामागे हिशेबाचाही एक कारखाना असतो.

या १४०१ ची स्मरणशक्ती जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची होती. या लेखात जेवढी अक्षरे आहेत, साधारण तेवढीच. एवढ्याशा डोक्याने तो शेकडो माणसांचा पगार काढी, कारण सगळे एकदम डोक्यात घेत नसे. एक कार्ड वाचायचे, हिशेब करायचा, ओळ छापायची, मग पुढचे कार्ड. सगळी कार्डे आधी क्रमाने लावून ठेवायची आणि रात्री एका दमात चालवायची, या रीतीला 'बॅच' म्हणतात. गव्हाणीत मोळ्या एकामागून एक पडतात आणि गाळप चालू राहते, तसेच हे. आपले पंधरवड्याचे बिलही असेच बॅचमध्ये निघते. म्हणून मध्ये एक मोळी आडवी आली की पाठीमागच्या सगळ्या थांबतात. अडलेला कागद एखाद्याचा असतो, बिल मात्र सगळ्यांचे अडते. पुष्कळ सभासदांच्या रागाचे मूळ इथे आहे.

कार्ड दोनदा वाचायचे

त्या काळी माहिती जाड कागदाच्या कार्डावर भोके पाडून लिहीत. एका कार्डावर ८० रकाने. १४०१ चे कार्ड वाचणारे यंत्र मिनिटाला ८०० कार्डे ओढी. एवढ्या घाईत एखादे भोक निसटले तर? म्हणून कार्ड आत गेल्यावर दोन ठिकाणांवरून जाई. पहिल्या ठिकाणी भोके मोजली जात, दुसऱ्या ठिकाणी वाचली जात आणि दोन्ही मोजण्या जुळल्या नाहीत तर यंत्र जागच्या जागी थांबे. लाल दिवा लागे.

आत गेलेल्या प्रत्येक अक्षराबरोबरही एक जादा खूण ठेवलेली असे. अक्षरातल्या खुणा त्या जादा खुणेसकट मोजल्या तर संख्या विषमच आली पाहिजे, असा नियम. सम आली की कुठेतरी एक खूण पडली किंवा वाढली, आणि यंत्र पुन्हा थांबे.

आता विचार करा. हे यंत्र बनवणाऱ्यांना ते न थांबणारेही करता आले असते. त्यांनी मुद्दाम थांबणारे केले. चुकीचा पगार छापून पुढे जाणारे यंत्र फार वेगवान दिसते, पण ते नुकसानीचे. शंका आली की थांबणारे यंत्र चिडचिड करायला लावते, पण ते प्रामाणिक. आपल्या काट्याचे तसेच आहे. डुलत असलेला काटा स्थिर होईपर्यंत वजन घेऊ नये, हे गाडीवानालाही कळते.

पावसाळ्यात या कार्डांची वेगळीच तऱ्हा. जाड कागद दमट हवेत फुगतो, वाकतो आणि यंत्रात अडकतो. अशा वेळी कारागिराने यंत्र खोलून बसण्यात अर्थ नसे. खोलीची हवा कोरडी ठेवणे हाच उपाय. बिघाड यंत्रात दिसतो, पण कारण खोलीच्या हवेत असू शकते, हा बिघाड शोधण्याचा पहिला धडा.

बनवणारे गेले, यंत्रे राहिली

दुसरा धडा १९७८ सालचा. परकीय चलन नियमन कायदा १९७३ साली झाला. त्याखाली परदेशी कंपन्यांना इथल्या व्यवसायातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्यास सांगण्यात आले. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ साली देशातला कारभार आवरला. कंपनी गेली, पण तिची यंत्रे तेल कंपन्यांत, रेल्वेत, सरकारी खात्यांत तशीच उभी. ती बंद पडली तर कोणी पाहायचे?

ही जबाबदारी 'काँप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' या सरकारी कंपनीने उचलली. पुढे ती सीएमसी या नावाने ओळखली गेली. देशभर आठशेच्या वर ठिकाणची यंत्रे तिच्या माणसांनी सांभाळली. याच सीएमसीने नंतर रेल्वे आरक्षणाची संगणक पद्धत तयार केली. १९८५-८६ मध्ये ती दिल्लीला सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईसह बाकीच्या मोठ्या शहरांत आली.

दुसऱ्याने बनवलेले यंत्र दुरुस्त करायचे म्हणजे अंदाजाने ठोकाठोक करून भागत नाही. कधी थांबले, कोणत्या पायरीवर थांबले, थांबण्याआधी काय चालू होते, कालपर्यंत चालत होते तर आज काय बदलले, याची वही लागते. मेनफ्रेम ही वही स्वतःच लिहितो. प्रत्येक काम कधी सुरू झाले, कधी संपले, कोणत्या खुणेने संपले, हे तो नोंदवून ठेवतो. काम अर्धवट पडले तर त्या क्षणी स्मरणात जे जे होते त्याचा सगळा पंचनामा छापून देतो. जाणता माणूस यंत्राला हात लावण्याआधी हा पंचनामा वाचतो. आपल्या बिल विभागाला सभासदाने हेच विचारावे. "काँप्युटर बंद आहे का?" असे विचारले तर हो-नाही एवढेच उत्तर मिळते. "काम कोणत्या पायरीवर थांबले आणि कोणत्या पावतीवर?" असे विचारले तर समोरच्याला वही उघडावी लागते.

रिकामे म्हणजे शून्य नव्हे

मेनफ्रेमवर काम करणाऱ्या मंडळींत एक खूण फार प्रसिद्ध आहे. तिला ते 'सॉक-सेव्हन' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या ज्या मुलामुलींनी १९९० नंतर सन २००० च्या दुरुस्तीची कामे केली, त्यांतल्या बहुतेकांची या खुणेमुळे कधी ना कधी झोप उडाली असेल. हिचा अर्थ असा की, जिथे आकडा हवा तिथे आकडा नव्हता. यंत्राला बेरीज करायला सांगितले आणि हातात आकड्याऐवजी भलतेच काही आले. पुष्कळदा ते 'भलतेच' म्हणजे नुसती कोरी जागा असते.

इथे आपल्या मनात येते, कोरे आहे तर शून्य धरावे आणि पुढे जावे. पण मेनफ्रेमच्या लेखी कोरी जागा हेसुद्धा एक अक्षर आहे. त्याची खूण वेगळी, शून्याची खूण वेगळी. आकड्याच्या शेवटी जमा-नावे दाखवणारी जी खूण लागते, तीही कोऱ्या जागेत नसते. त्यामुळे यंत्र म्हणते, हा आकडाच नाही, मी बेरीज करणार नाही. आणि थांबते.

मला हा हट्ट बरोबर वाटतो, आणि तो आपल्या उसाच्या पावतीवरून चटकन पटतो. पावतीवर वजनाच्या रकान्यात शून्य लिहिले असेल तर अर्थ असा की गाडी आली, वजन झाले आणि ऊस निघाला नाही. रकाना कोरा असेल तर अर्थ असा की वजन कोणी लिहिलेच नाही. पहिल्या सभासदाचे काही देणे नाही. दुसऱ्याचे आठ-दहा टनांचे देणे असेल. कोऱ्याला शून्य धरले तर यंत्र अडणार नाही, बिले वेळेवर निघतील, सगळे खूश होतील आणि एका सभासदाचा ऊस कागदावरून नाहीसा होईल. त्याला कळेल ते पंधरा दिवसांनी, तेही त्याने पावत्या जपून ठेवल्या असल्या तर.

म्हणून सॉक-सेव्हन आल्यावर दोन प्रकारचे दुरुस्तीवाले दिसतात. एक जण प्रोग्रॅममध्ये 'कोरे असेल तर शून्य समज' अशी ओळ घालतो आणि घरी जातो. दुसरा ती पावती शोधून काढतो, काट्यावरच्या नोंदवहीशी ताडतो, खरे वजन घालतो आणि मग काम पुढे चालवतो. दुसऱ्याला उशीर लागतो. सभासदाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे मी सांगायला नको.

थांबण्याची आणखी तीन कारणे

पहिले कारण जागा संपणे. निकालाचे कागद ठेवायला ठरवून दिलेली जागा भरली की काम थांबते. साखरेचे गोदाम भरले आणि बाहेर थप्पी लावायला जागा नसली तर गाळप आवरावे लागते, तसेच. यात मशीनचा दोष नाही. हंगामात नोंदी वाढणार हे आधी मोजायला हवे होते.

दुसरे कारण मुदत संपणे. मेनफ्रेमवर प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा देता येते. दहा मिनिटांचे काम दोन तास फिरत राहिले तर यंत्र ते कापून टाकते. इथे मुदत वाढवून पुन्हा चालवणे हा उपाय घाईचा. काम एकाच जागी गोल फिरते आहे का, हे आधी पाहायचे. चाक चिखलात रुतले असताना बैलाला नुसता चाबूक मारून गाडी निघत नाही.

तिसरे कारण दोघे एकमेकांसाठी अडणे. रेल्वेच्या आरक्षणात एकच बर्थ दोन खिडक्यांवर एका वेळी विकला जाऊ नये, म्हणून एका व्यवहाराने नोंद हाती घेतली की तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याला ती मिळत नाही. हे योग्यच. पण समजा, एका कारकुनाने सभासदाचे सोसायटी खाते उघडून धरले आणि त्याला ठेवीचे खाते हवे आहे. दुसऱ्याने ठेवीचे उघडून धरले आणि त्याला सोसायटीचे हवे आहे. अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या. दोघेही उभे, मागे रांग. चांगली पद्धत हा पेच ओळखते, एकाला मागे घेते आणि त्याचे काम नंतर पुन्हा पहिल्यापासून करवते. यावरचा कायमचा उपाय म्हणजे शिस्त. सर्वांनी खाती एकाच क्रमाने उघडायची, म्हणजे समोरासमोर येण्याचा प्रसंगच येत नाही.

यंत्र मंद चालते तेव्हाही हीच नजर लागते. गव्हाण मोकळी आणि काट्यावर मैलभर रांग, असे असेल तर मोठी मिल बसवून काय उपयोग? मेनफ्रेमवरही हिशेब करणारा भाग रिकामा बसलेला असतो आणि माहिती आणणारा किंवा छापणारा भाग मागे पडलेला असतो. रांग कुठे आहे ते आधी बघावे, खर्च मग करावा.

कसाऱ्याला थांबलेले बरे

आता कसाऱ्याचीच गोष्ट घ्या. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट, चढ दर ३७ फुटांना १ फूट. मुंबईकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या वर्षानुवर्षे कसाऱ्याला थांबत आल्या. तिथे ज्यादा इंजिने लागतात, त्यांना आपण बँकर म्हणतो, आणि मगच गाडी घाट चढते. प्रवासी कुरकुरतात, "एवढा वेळ उगीच थांबली." पण पायथ्याशी थांबलेली गाडी आणि घाटाच्या मध्यावर दम तुटून उभी राहिलेली गाडी यांत केवढा फरक आहे, ते रेल्वेच्या माणसाला विचारा.

बिलाच्या कामालाही असा पायथा हवा. पावत्या बिलाच्या बॅचमध्ये जाण्याआधी तपासल्या की रात्री दोन वाजता अर्ध्या घाटात काम अडत नाही. या तपासणीच्या दोन जुन्या युक्त्या मेनफ्रेमवाल्यांनी रुळवल्या. दोन्ही कागद-पेन्सिलीने करून पाहता येतात.

एक, गठ्ठ्याची बेरीज. पन्नास पावत्यांचा गठ्ठा करायचा, वर चिठ्ठी लावायची: पावत्या ५०, एकूण वजन इतके. यंत्रात भरल्यावर यंत्राने केलेली बेरीज या चिठ्ठीशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर गठ्ठा पुढे जात नाही. इथे जुन्या दिवाणजींचा एक ठोकताळा कामी येतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडल्याची शंका घ्यावी. ८.६३० टनाचे ८.३६० झाले, फरक २७० किलो. २७० ला ९ ने भागा, बरोबर ३० येतात. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला जाहीर झालेला दर क्विंटलला ३५५ रुपये होता. त्या दराने या दोन उलट्या आकड्यांची किंमत, तोडणी-वाहतूक वजा करण्याआधी, साडेनऊशे रुपयांच्या वर जाते.

दोन, राखणदार आकडा. सभासद क्रमांक ४६२५ आहे असे धरू. डावीकडून प्रत्येक आकड्याला ५, ४, ३, २ ने गुणा: २०, २४, ६, १०. बेरीज ६०. या बेरजेत किती मिळवले म्हणजे ११ ने पूर्ण भाग जाईल? ६. तो ६ क्रमांकाच्या शेवटी जोडायचा, झाला ४६२५६. आता कोणी घाईत ४२६५६ लिहिले, तर गुणाकार येतात २०, ८, १८, १०. बेरीज ५६, अधिक ६ म्हणजे ६२. ६२ ला ११ ने भाग जात नाही. यंत्र तिथल्या तिथे म्हणते, असा सभासद नाही. हा एक आकडा नसता तर तुमचा ऊस दुसऱ्याच्या खात्यावर गेला असता आणि यंत्राने एक शब्दही काढला नसता. हिशेब जुळलेला आणि तरीही चुकीचा, असा बिघाड सगळ्यांत अवघड. तो शोधायला यंत्र मदत करत नाही, फक्त सभासदाच्या हातातली पावती मदत करते.

घाईने मागे घेतलेला बदल

बिघाड झाल्यावर घाई केली तर काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमधले आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या समूहात रात्रीची कामे कोणत्या क्रमाने चालवायची हे ठरवणारा एक प्रोग्रॅम मेनफ्रेमवर असे. जून २०१२ मध्ये त्याची नवी आवृत्ती घातली गेली. ती नीट चालत नाही असे दिसताच तिथल्या लोकांनी ती काढून जुनी परत घातली. वरवर पाहता शहाणपणाचे काम. पण काढल्यावर काय होईल, याची चाचणी घेतली नव्हती आणि नवी-जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या. रात्रीचा हिशेब कोलमडला. एका रात्रीचे काम अपुरे म्हणून दुसऱ्या रात्रीचे सुरू होईना, अशी थकबाकी साचत गेली. सुमारे ६५ लाख ग्राहकांना झळ लागली. लोकांचे पगार खात्यावर दिसेनात, हप्ते भरता येईनात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या नियामकांनी या समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला.

सालोसाल चाललेल्या मेनफ्रेमने इथे दगा दिला नव्हता. 'मागे घेणे' हासुद्धा एक बदलच आहे आणि त्याचीही आधी चाचणी लागते, हे राहून गेले. खत जास्त पडले म्हणून दुप्पट पाणी सोडले तर मुळे कुजतात. पहिल्या चुकीपेक्षा दुसरा उपाय महाग पडतो.

म्हणून ऐन बिलाच्या आठवड्यात प्रोग्रॅममध्ये नवे काही घालू नये. घालायचेच तर आधी जुन्या पंधरवड्याच्या पावत्यांवर चालवून पाहावे. जुने उत्तर आपल्याला ठाऊक असते. नवे उत्तर तेच आले तर पुढे जावे.

दुरुस्तीनंतरची जोखीम

बिघाड सापडला, पावती सुधारली. आता काम पुन्हा चालवायचे. सर्वांत जास्त सावधगिरी इथे लागते. समजा हजार सभासदांपैकी सहाशेंची रक्कम बँकेकडे रवाना झाल्यावर काम थांबले. पहिल्यापासून चालवले तर सहाशेंना दोनदा पैसे जातील. सहाशे एकपासून चालवले, पण सहाशेवी नोंद अर्धवटच राहिली असली, तर तो एक सभासद कायमचा मधल्या मध्ये अडकेल. मेनफ्रेमवर यासाठी वाटेत ठराविक अंतराने खुणेचे दगड रोवतात. काम अडले की मागच्या दगडापर्यंत यायचे, त्यापुढचे अर्धवट पुसायचे आणि तिथून निघायचे. असे दगड नसले तर सगळे पुसून पहिल्यापासून, आणि तेही बँकेला कळवून. दुरुस्ती झाल्यावरही बिल एक दिवस उशिरा आले, तर हा ताळमेळ चालू असण्याचा संभव आहे. तो चालू आहे की नाही, हे विचारायचा हक्क सभासदाला आहे.

आपण काय करायचे?

साखर कारखान्याच्या हिशेबात सभासदाला गावातच माहिती मिळावी, असा मोठा प्रयत्न १९९८ साली वारणा भागात झाला. सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. पुढे काही गावांत गावच्या संगणकाच्या जागी मोबाईलवरच्या संदेशाने उसाचे वजन कळवण्याचाही प्रयोग झाला. बिघाड पकडायला सभासदाचा डोळा हवा, आणि तो डोळा गावात असतो, असे मला या प्रयत्नांवरून वाटते. म्हणून काही विनंत्या करतो.

१. काट्यावरून पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू देऊ नये. सभासद क्रमांक, गट नंबर, उसाची जात, वजन हे चारही रकाने भरले आहेत ना, ते तिथेच वाचावे. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला दाखवावे.

२. पावत्या बिल हाती पडेपर्यंत दोऱ्यात ओवून ठेवाव्यात. बिलावरची एकूण टने आणि पावत्यांची बेरीज पडताळावी. फरक आला तर आधी ९ ने भागून पाहावे.

३. चिटबॉय मंडळींनी रकाना कधीही कोरा सोडू नये. माहिती नसेल तर 'माहिती नाही' असे लिहावे. कोऱ्याला पुढे कोणीतरी आपल्या मनाने अर्थ देतो.

४. लागणीची नोंद करताना नाव व क्रमांक मागच्या वर्षीच्या बिलावरून उतरवावेत, आठवणीवरून सांगू नयेत. वाटण्या झाल्या असतील, खाते फोड झाली असेल, तर हंगामाच्या आधी गट ऑफिसला कळवावे.

५. बिल अडले तर तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या पायरीवर अडले? कोणत्या पावतीमुळे? पुन्हा चालवताना दोनदा किंवा अर्धवट जाणार नाही, याची काय काळजी घेतली? बिल विभागातली मंडळी आपलीच आहेत. नीट प्रश्न विचारला की त्यांनाही नीट उत्तर शोधावे लागते.

६. यंत्र अडल्याचा राग संगणकापुढे बसलेल्या पोरावर काढू नये. "कसेही करून आज बिल काढ" असा दबाव आला की कोऱ्या रकान्यात शून्य घालण्याची पाळी येते, आणि ते शून्य कोणाच्या नावावर पडेल हे कोणाला माहीत नसते.

येत्या गटसभेत मी काही कोऱ्या पावत्या बरोबर आणणार आहे. सभासद क्रमांकाला राखणदार आकडा कसा लावायचा, हे तिथे सगळ्यांना पेन्सिलीने करून दाखवू. येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाचे एक बिल आणि त्याच्या पावत्या आणाव्यात, ही विनंती. कळावे.

ऊस विकास अधिकारी,
कसारा गट